काळ्या फुलपाखराचं गाव

२८ ऑगस्ट

पुण्याची गार्गी येऊन गेली. फुलपाखरांवर संशोधन करते. चाळिशीची असेल, केस पिकायला लागलेत, लपवत नाही. आधी 'चहा नको काकू' म्हणाली, मग दोन कप प्यायली. आवडली मला.

ह्यांचे टाचलेल्या फुलपाखरांचे डबे बघायला आली होती. हे गेल्याला आठ वर्षं झाली, एवढ्या वर्षांत डबे बघायला आलेलं पहिलं माणूस. मीनल तर म्हणते, आई, देऊन टाक कुणाला तरी, त्या डांबरगोळ्यांच्या वासाने माहेरी यावंसं वाटत नाही. नको येऊस मग!

एकेक डबा बघत गेली. निळे मोठे, शेपटीवाले, लिंबावरचे ठिपक्यांचे. सातव्या डब्यापाशी थांबली. तिथेच थांबणार हे मला माहीत होतं. उजव्या कोपऱ्यातली काळी मादी.

"काकू, हे लेबल सरांच्या अक्षरात नाही."

"माझ्या आहे. त्यांची लेबलं मीच लिहायचे."

डब्याच्या तळाशी तिचा गळून पडलेला एक पाय होता, तो गार्गीने चिमट्याने उचलून नळीत घातला. तपासायला नेला. टाचणीला मात्र हात लावू दिला नाही. ह्यांचा नियम होता तो, लेकीलासुद्धा लावू द्यायचे नाहीत.

ती गेल्यावर डबा बंद केला, वर पेपर टाकला. तरी कोणी मागे उभं आहे असं वाटत राहिलं.

३० ऑगस्ट

गा.चा फोन. पाऊण तास. मला कळतं सगळं, तीस वर्षं ऐकलंय, पण तिने बिचारीने शाळेतल्यासारखं समजावलं.

रेवन नावाची काळी फुलपाखरं. दोन जाती, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा. एक आपल्या सह्याद्रीतली, केरळपासून वर गोव्यापर्यंत. दुसरी पार तिकडे आसामच्या बाजूला. मधे अख्खा देश रिकामा. नर असता तर पंखावरच्या पांढऱ्या डागावरून लगेच कळलं असतं. माद्या मात्र दोन्हीकडच्या तपकिरी-काळ्या, कडेला पांढरे ठिपके, आणि दोघी त्या कडू 'क्रो' फुलपाखराचं सोंग घेतात. ठिपके मोजून, आकार बघून ओळखायच्या. आणि त्यातही सगळ्यात आधी बघायचं ते लेबल. गाव कोणतं?

आमच्या मादीचं गाव: वाणगाव, नाला, १४ जुलै.

गोव्याच्या एवढ्या वर कुणालाच कधी मिळाली नाही. गा. म्हणते, ठिपके दक्षिणेतल्यांपेक्षा वेगळे आहेत, ही उत्तरेला एकटी पडलेली नवी उपजात असू शकते. मग तिला नाव द्यायचं. सरांचं.

ह्यांचं नाव! पुस्तकात, कायमचं.

"पायावरून जात कळेल काकू. पण गाव मला फक्त तुमचं लेबल सांगणार. तेव्हा एक निवेदन लिहून द्याल का, की लेबल खरं आहे म्हणून?"

देते म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

२ सप्टें.

लिहूनच टाकते. इथे तरी.

तेव्हा आम्ही कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, तळमजल्याला. जुलैअखेर घरात गुडघाभर पाणी. ह्यांच्या पुड्यांची पेटी कॉटखाली. पकडलेलं फुलपाखरू हे वर्तमानपत्राच्या त्रिकोणी पुडीत पंख मिटून ठेवायचे, वर गाव-तारीख, सवड झाली की मग टाचणी. पेटीत दोन प्रकारच्या पुड्या होत्या. आपल्याकडच्या, आणि बरुआंच्या. बरुआ म्हणजे आसामातल्या चहाच्या मळ्यावरचे कंपाउंडर, ह्यांचे पत्रमित्र. हे इकडची पाठवायचे, ते तिकडची. एकमेकांना आयुष्यात कधी भेटले नाहीत.

कंपनीत पाणी शिरलेलं, हे तीन दिवस घरी नाहीत. पुड्या भिजलेल्या, बुरशी धरायला लागली. पाणी ओसरलं तशी मी म्हटलं आपण वाचवू. नव्या पुड्या केल्या. फुलपाखरं बाहेर काढून चटईवर दोन रांगा मांडल्या, डावीकडे आपली, उजवीकडे बरुआंची. लवकर सुकावीत म्हणून पंखा लावला.

मी! शहाणी! पंखा लावला.

मेलेली फुलपाखरं, पण उडाली सगळी. खोलीभर. मीनल टाळ्या वाजवायला लागली. मी धावत बटण बंद केलं आणि एकेक गोळा केली. बहुतेक ओळखीची होती, बिनचूक लागली. ती काळी मादी तेवढी हातात घेऊन उभी राहिले. डावीकडची की उजवीकडची? आपल्या काळ्या क्रो तीन होत्या, तशीच दिसत होती. डावीकडे ठेवली, नव्या पुडीवर त्या क्रोंचंच गाव-तारीख लिहिलं. जुने कागद बंबात घातले, पाणी तापवलं.

तिच्या जुन्या पुडीचा कागद मराठी होता की तिकडच्या लिपीतला, ते आठवत नाही. एकतीस वर्षं आठवतेय. कधी मराठी दिसतो, कधी तिकडचा.

५ सप्टें.

दु. सव्वातीन. पॅसेजमध्ये सायकलचं स्टँड लागल्याचा आवाज. सायकल पाच वर्षांपूर्वी भंगारात दिली. उठून दार उघडलं. कोणी नाही. शेजारच्या सिन्हा वहिनी कपडे काढत होत्या. "क्या हुआ आंटी?" कुछ नहीं म्हटलं.

पहिली पाळी सुटून हे बरोबर सव्वातीनला यायचे.

त्या पुरानंतर पंधरवड्याने टाचण्या लावायला बसले. मी भाकऱ्या थापत होते. एकदम ओरडले, "कुंदा! कुंदा, इकडे ये!" मला वाटलं विंचू चावला. त्या काळीकडे बघत होते. "ही क्रो नाही गं. ही रेवन आहे! वाणगावात! माझ्या जाळीत आली आणि मला कळलंसुद्धा नाही!"

माझे हात पिठाचे. तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यं फक्त. पण त्या वर्षी ह्यांचं प्रमोशन दुसऱ्यांदा गेलं होतं, महिनाभर घरात कोणाशी धड बोलले नव्हते, आणि आज एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हसत होता. मी म्हटलं, अगं बाई, खरंच?

एका छोट्या मासिकात अर्धं पान छापून आलं. कात्रण देवाजवळ ठेवलं होतं.

मग प्रत्येक पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी वाणगावचा नाला. दुसरी मिळाली तरच लोक खरं मानतील म्हणायचे. बावीस-तेवीस पावसाळे. मी डबा भरून द्यायचे. माझ्या हाताने.

१३ सप्टें.

ह्यांचा दिवस. नैवेद्य दाखवला. अळूवडी, कोशिंबीर, खीर.

आठ वर्षांपूर्वी वाणगावहून भिजून आले, छाती आधीच कंपनीने खाल्लेली, त्यात हे भिजणं. आठ दिवस पालघरच्या दवाखान्यात. मीनल अजून म्हणते, बाबांना त्या वयात पावसात जाऊ कसं दिलंस? काय सांगू पोरीला, की जाऊ दिलं नाही, मीच पाठवलं? जे तिथे नव्हतंच ते शोधायला?

जेवण गेलं नाही. वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

२० सप्टें.

गा.ने निवेदनाचा मजकूर टाइप करून पाठवला. मी फक्त सही करायची. 'सदर नमुन्याचे लेबल माझ्या पतींच्या मूळ नोंदीवरून मी अचूक उतरवले आहे.' अचूक!

डबा पुण्याला नेण्यासाठी कोळगावला वनखात्यात अर्जही दिलाय म्हणे तिने. किती कामाची बाई.

सही केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा डोळ्यावरच होता.

४ ऑक्टो.

पायाचा निकाल आला. गा. फोनवर धाप लागल्यासारखी बोलत होती.

"काकू, दक्षिणेतली नाहीये ती. पूर्वेकडची आहे!"

मी खाली बसले. म्हणजे बरुआंची. संपलं सगळं, सुटले, असंसुद्धा वाटलं एक क्षण.

पण ही बया तर आनंदात! "हे आणखी मोठं आहे काकू! पूर्वेची जात, इथे पालघर जिल्ह्यात! म्हणजे कधीतरी ती सगळीकडे असणार, मधली नाहीशी झाली आणि इथे एक पुंजका उरला. नकाशा बदलेल. फक्त लेबल पक्कं असायला हवं. ते आहेच."

आता काय करू? चूक माझी, आणि ती देशाच्या नकाशावर जाऊन बसणार. पुढची माणसं वाणगावला येतील, नाल्यात उतरतील, शोधतील. ह्यांच्यासारखी.

७ ऑक्टो.

ह्यांच्या वह्या काढल्या. आठ वर्षांत ट्रंकेला हात लावला नव्हता. बाहेरगावच्या फेरीची प्रत्येक नोंद, वेळेसकट. त्या वर्षीची वही पुरात वाचली होती, ऑफिसच्या बॅगेत होती म्हणून.

१४ जुलै. 'वाणगाव नाला. स. ८ ते ११. ढगाळ. क्रो ३. लाइम ५. निळा १, सुटला.' आणि पानाच्या अगदी तळाशी, उरलेल्या जागेत:

'एक काळी मादी, संथ, क्रोपेक्षा वेगळी वाटली. ९.४०.'

चार वेळा वाचलं. मग देवासमोर नेऊन वाचलं.

म्हणजे खरंच होती? ९.४० ला? म्हणजे मी डावीकडे ठेवली ते बरोबर होतं, आणि एकतीस वर्षं उगाच जळत राहिले? वेळ काही माझ्या लेबलावर नव्हती. ती ह्यांनीच बघितली असणार.

संध्याकाळी आनंदाने शिरा केला. खाताना मनात आलं, पकडली तेव्हा वेगळी वाटली होती, तर मग पंधरवड्याने 'मला कळलंसुद्धा नाही' असं का ओरडले? ती ओळ मागाहून लिहिलीय का? शाई तीच निळी. हे तीस वर्षं तीच शाई वापरायचे. कळायला मार्ग नाही.

हे नोंदवहीत खोटं लिहिणारे नव्हते. साधा दुधाचा हिशेब चुकला तर भय्याच्या मागे पळत जायचे.

शिरा तसाच राहिला.

१३ ऑक्टो.

वाणगावला गेले. पहिल्यांदाच. नवल आहे, एवढी वर्षं डबे भरले आणि जागा बघितली नव्हती.

स्टेशनहून रिक्षा, मग मिरचीच्या वाडीच्या कडेने पायवाट. नाला म्हणजे काही नाही, दगड, करवंदाची जाळी, थोडं पाणी. पाड्यावरची एक म्हातारी बकऱ्या घेऊन होती. लखमीबाय. मला बघून म्हणाली,

"तुमी सायकलवाल्या सायबाच्या बाय ना?"

"कसं ओळखलं?"

"दुसरं कोन येनार इथं?"

बसले तिच्याजवळ. विचारलं, साहेबांना ती काळी कधी मिळाली का.

"आमी इचारायचो. हसायचा नुसता."

"पण शोधायचे ना? जाळी घेऊन?"

"पयले आनायचा जाळी. मंग नाय. लय वरसां नाय आनली. त्या दगडावर बसायचा. तुमच्या भाकऱ्या आमच्या पोरांना द्यायचा, सोता आमची नाचनी खायाचा. झाडाखाली झोपायचा पन."

जाळी घरातून निघताना सायकलला बांधलेली असायची. मी स्वतः बघितलीय. मग कुठे ठेवायचे? वाटेत कुठे?

मला राग आला. असा राग की कान गरम झाले. मी घरी काढा उकळून, कोरडे मोजे काढून खिडकीत उभी, आणि हे दगडावर झोपा काढत होते! मग कशाला जायचं? पाऊस, छाती, सगळं माहीत असून?

लखमीबाय म्हणाली, "रडू नका बाय. सायेब चांगला होता."

मी रडत नव्हते. रडत असेन.

समोरून एक काळं फुलपाखरू गेलं. क्रो होतं. तेवढं कळतं मला.

२२ ऑक्टो. पाडवा

मीनल आली, गेली. जावयाला ओवाळलं तिने. मी आठ वर्षं ताम्हन काढत नाही. आज काढलं, ती गेल्यावर. सातव्या डब्यासमोर पाट मांडला, निरांजन लावलं. हसेल कुणी. ओवाळता ओवाळता म्हटलं, अहो, खरं काय ते सांगा, मला निवेदनावर सही करायचीय.

दु. सव्वातीन. स्टँडचा आवाज. दार उघडायला उठले नाही. आतूनच म्हटलं, या.

कोणी आलं नाही. निरांजन शेवटपर्यंत जळलं.

२ नोव्हें.

गा.ला सांगितलं. फोनवरच. पूर, चटई, पंखा, बंब, सगळं. वहीतली ओळसुद्धा. एका दमात बोलले, मधे थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

ती म्हणाली, "काकू, हे सांगायला किती त्रास झाला असेल तुम्हाला."

वेडी आहे. तिचं दोन महिन्यांचं काम मी पाण्यात घातलं आणि ही माझीच विचारपूस करते. नाव द्यायचं आता राहिलंच. "तुम्ही खात्रीने सांगू शकत नाही, तोवर नकाशावर ठिपका देता येणार नाही." बरोबर आहे.

लेबल फाडून टाक म्हटलं. तर म्हणाली, नाही, जुनं लेबल कधी काढायचं नसतं. चुकीचं असलं तरी. त्याच्याखाली त्याच टाचणीत दुसरी चिठ्ठी टोचायची, काय माहीत आहे, काय नाही ते लिहून. आधीच्या माणसाचं खोडायचं नाही, आपलं जोडायचं. ती चिठ्ठी मीच लिहावी, माझ्या अक्षरात. रविवारी येते.

फोन ठेवला आणि भीती वाटली. ह्यांचं नाव मी घालवलं. दुसऱ्यांदा.

८ नोव्हें.

नखाएवढी चिठ्ठी. त्यात काय मावणार? सकाळपासून सात फाडल्या.

शेवटी: 'गावाबद्दल खात्री नाही. पुड्या बदलताना माझ्याकडून मिसळल्या. चूक माझी, त्यांची नव्हे. – कुंदा.'

शेवटचं वाक्य शास्त्रात चालतं की नाही माहीत नाही. मी ठेवणार.

घरात आज कसलाच आवाज नाही. रागावलात का हो?

९ नोव्हें.

गा. अकराला आली. आता साडेअकरा. ती बाहेर बसलीय, मी चहाच्या नावाखाली स्वयंपाकघरात हे लिहितेय. घाईचं अक्षर, नंतर वाचता येईल की नाही कोण जाणे.

चिठ्ठी वाचून तिने माझा हात धरला. मग डबा उघडला, चिमट्याने टाचणी धरली, हळूच वर ओढली. माझं लेबल वर आलं. त्याच्याखाली, डब्याच्या तळाच्या बुचाला अगदी चिकटून, आणखी एक कागद होता. चौघडी घातलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.

"काकू, हे काय?"

मला काय माहीत! तिने चिमट्याने उलगडला. भिंग लावायची गरज नव्हती. ते अक्षर मी अंधारात ओळखीन.

'वाणगाव नसावं. बरुआंकडची वाटते. कुं.चं लेबल असू द्यावं. – वि.'

माहीत होतं. ह्यांना माहीत होतं! मी पोटात ठेवलं, आणि ह्यांनी टाचणीखाली. एका घरात, एका ताटलीत आंबा खाऊन. मग ती ९.४० ची ओळ कुणासाठी लिहिलीत? माझं लेबल खरं ठरावं म्हणून? का खरंच काही उडालं होतं समोरून?

आणि कधी कळलं तुम्हाला? त्याच आठवड्यात कळलं असेल तर बावीस पावसाळे माझ्यासाठी भिजलात. मी खोटी पडू नये म्हणून, जाळी बांधून, दगडावर बसायला. आणि शेवटी शेवटी कळलं असेल, तर निदान तेवढी वर्षं तरी खरोखर शोधत होतात, आनंदात होतात. दोन्हींत किती फरक आहे, कळतंय का तुम्हाला? एकात मी तुम्हाला मारलं, आणि एकात...

चहा उतू गेला. गा. बाहेरून हाक मारते आहे. "काकू, तुमची चिठ्ठी कुठे लावू? सरांच्या वर की खाली?" वर्षांच्या क्रमाने लावतात म्हणे. आधीची वर, नंतरची खाली. माझी तर आजची, प्रश्नच नाही, पण तिला नोंदीत सरांच्या चिठ्ठीची तारीख हवीय. मी पुन्हा पुन्हा बघितली. पुढून, मागून, उजेडाला धरून. दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख लिहून ठेवणारा माणूस.

अहो, निदान तारीख तरी घालायची होतीत.